नात्याचा रकाना

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

ओटीच्या नोंदणीचा अर्ज परत आला! दोन महिने ठाण्याला झोपला होता, उठला तो थेट माझ्या अंगावर.

वैष्णवीचा फोन. शहापूरला तिचं ऑनलाइनचं दुकान आहे, अर्ज तिनंच भरला होता. म्हणाली, काकी, त्रुटी काढलीय. म्हटलं, काय तुटलं? म्हणाली, तुटलं नाय गो, त्रुटी. चूक. मग चूक म्हण ना सरळ!

चूक एकच. माझ्या ओटीवर दिवसभर नऊ म्हातारी माणसं असतात. त्यांची नावं, वयं, आधार, घरचा जबाबदार माणूस, आणि शेवटच्या रकान्यात त्याचं नातं. आठांचं बरोबर निघालं. राघोबाबांच्या पुढं मी सांगितलं होतं — रेश्मा, सून. ऑफिसनं विचारलंय, सून कशावरून? रेश्माच्या आधारावर नाव माहेरचं आहे. नात्याचा कागद जोडा, नायतर हे नाव यादीतून काढा.

कशावरून म्हणजे? अख्ख्या सापगावला विचारा!

ग्रामसेवक भाऊंनी साफ सांगून ठेवलंय — मार्चअखेर नोंदणी पायजे, नायतर ओटी बंद. आणि यादीत नाव नाय त्याला ओटीवर बसवायचं नाय. त्यांचं चुकत नाय. दुसऱ्याच्या घरची माणसं सांभाळायची, उद्या कोण पडलं-झडलं तर विचारणार कोणाला?

वैष्णवी म्हणाली, आठांचा पाठवून देऊ, राघोबाबांचं मागाहून बघू. मी फोनच ठेवला. ज्याच्यापासून सुरू झालं त्यालाच वगळायचं?

दीड वर्ष झालं त्याला. भर दुपारी भाजी घेऊन येत होते, तर बाबांच्या दारावर आतून थापा. बाहेरून कडी. रेश्मा वाशिंदला कंपनीत पॅकिंगला, सकाळी सहाला जाते ती चारला येते. बाबांना विसर पडतो. दार उघडं दिसलं की बैल शोधायला हायवेपर्यंत जातात. बैल विकून बारा वर्षं झाली! म्हणून ती कडी. मी कडी काढली, हाताला धरून आणलं, ओटीवर बसवलं, भाकर दिली. दुसऱ्या दिवशी धोंडूबाई आपल्या पायानं आली. म्हणे, त्याला भाकर, मग मी काय पाप केलं? मग एकेक करून बाकीची.

नाव गेलं तर बाबा परत कडीच्या आत. मी चौथी शिकलेली. पण एवढं कळतं.


२२ जानेवारी

रेश्मा बाबांना न्यायला आली तशी धरली. म्हटलं, लग्नाचा दाखला आण उद्या. म्हणाली, दाखला आहे काकी. पण त्याच्यानंतरचा अजून एक कागद आहे. कोर्टाचा.

घटस्फोट! दोन वर्षं झाली! बाबांच्या पोरानं, संदेशनं भिवंडीला दुसरा संसार थाटलाय हे सगळ्यांना ठाऊक. पण कागद झालाय हे कोणालाच नाय.

म्हटलं, आणि गळ्यात काय आहे मग?

म्हणाली, हे एक ग्रॅमवालं. शहापूरच्या बाजारातनं मीच घेतलं. कंपनीच्या बसला बरं पडतं. कोण काय विचारत नाय.

राग आला. आला माझाच, निघाला तिच्यावर. म्हटलं, आधी तोंड उघडता येत नव्हतं? सरकारी कागदावर मला खोटं लिहायला लावलंस!

तर म्हणाली, तुमी विचारलंच नाय काकी. तुमीच लिहिलंत.

बाबांचा हात धरला आणि गेली.


२३ जानेवारी

खरं आहे. मी विचारलं नव्हतं.


२६ जानेवारी, रविवार

ह्यांना सांगितलं सगळं. हे भातसानगरला धरणावर कामाला, आज झेंडावंदन करून घरी लवकर आले. म्हटलं, रेश्मा बाबांची सून नायच आता. हे म्हणाले, बाबांना भाकरी कोण देतं? म्हटलं, ती. आंघोळ? म्हटलं, ती. म्हणाले, मग झालं की. आणि पेपर उघडला.

पुरुषांचं बरं असतं. झालं म्हटलं की झालं.

पोटचा पोरगा आहे ना एक. त्याची सही आणते. त्याचं नातं कोण नाकारतंय बघू.


१ फेब्रुवारी, शनिवार

भिवंडीला जाऊन आले. एसटीत उभ्यानं.

संदेश गोदामात असतो. मला बघून चपापला, मग खुर्ची दिली, चहा मागवला. म्हटलं, चहा राहू दे, इथं सही कर. कागद उलटासुलटा करून बघितला. म्हणाला, करतो ना काकी. पण मला एक सांगा, ती बाई माझ्या बापाच्या घरात कोणत्या नात्यानं राहते?

म्हटलं, ज्या नात्यानं त्याची धोतरं धुते त्या.

शेजारचे हमाल हसले. त्याचं तोंड लाल झालं. म्हणाला, तिला म्हणावं घर खाली कर. ज्या दिवशी ती बाहेर, त्या दिवशी सही. पायजे तर सापगावला येऊन करतो.

म्हटलं, आणि बाप? बापाला रात्री कोण बघणार? तुझं गोदाम?

म्हणाला, ते बघू मग.

कागद ओढून घेतला त्याच्या हातातनं. निघाले तर पाठीमागं आला गेटापर्यंत. हळूच म्हणतो, म्हातारा माझं नाव काढतो काय? खोटं बोलावं असं वाटलं खरं. नाय जमलं. नाय काढत, म्हटलं. तिथंच उभा राहिला.

चहा प्यायला पायजे होता. येताना डोकं चढलं.


३ फेब्रुवारी

रेश्माला सांगायचं नव्हतं, पण माझ्या पोटात काय राहतं?

ऐकून म्हणाली, मी जाते काकी घर सोडून. होऊ दे सही. वाशिंदला खोली बघते, बाबांना सकाळ-संध्याकाळ येऊन बघीन.

म्हटलं, गाढवे! सही मिळंल दिवसाची, आणि रात्रीची कडी कोण लावणार?

मग राहवलं नाय, विचारलंच. कागद झाला तेव्हा गेली का नाहीस? माहेर मुरबाडकडं आहे, भाऊ आहेत. म्हणाली, निघाले होते. पिशवी भरली, दारात आले. बाबा ओट्यावर होते. म्हणाले, बाजारात चाललीस? येताना तंबाखू आण.

म्हटलं, मग?

म्हणाली, मग काय. तंबाखू आणला.


१० फेब्रुवारी, सोमवार

ठाण्याला गेले. ह्यांना म्हटलं, आज एकेकाची काढते. रस्ताभर बोलायचं पाठ करत गेले. सगळं फुकट गेलं!

प्रियांका मॅडम म्हणून आहे. तिशीची असेल. मी टेबलावर हात आपटायच्या आधीच म्हणाली, काकी बसा, उन्हातून आलात, पाणी घ्या. पाणी प्यायल्यावर कसं भांडणार?

सगळं सांगितलं. सून लिहिलं ते चुकलं, हेपण सांगितलं. पोराच्या सहीचं सांगितलं. तिनं मध्ये तोंड घातलं नाय. अर्ज परत पाठवणारी तीच निघाली. म्हणाली, आधार जुळत नव्हतं, मला थांबवावाच लागला. मग म्हणाली, हे बघा, खोटं नातं मला घेता येणार नाही. पण काळजी घेणारी व्यक्ती नात्यातली नसली तरी चालते. फक्त ते बाबांनी स्वतः सांगायला हवं. मी जागा बघायला येणारच आहे, तेव्हा त्यांना विचारीन. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, तिनेही नाही. त्यांना समजतं ना?

म्हटलं, कधी समजतं, कधी नाय.

म्हणाली, मग समजेल अशा दिवशी यायला हवं मला. आणि हसली. हसण्यासारखं काय होतं? पण बरं वाटलं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येणार. तोवर काय काय करायचं ते लिहून दिलं. संडासात धरायला दांडी, औषधांना कुलपाची पेटी, डॉक्टरचा नंबर भिंतीवर. रोजची नोंदवही ठेवा म्हणाली. ती वेगळी ठेवीन. ही दाखवण्यासारखी नाय.


१३ फेब्रुवारी

ओटीवर शाळा भरलीय! धोंडूबाई मास्तरीण.

राघो, तुला कोण सांभाळतं?

बाबा म्हणाले, ढवळ्या.

ढवळ्या बैल. सगळी हसली. बाबापण हसले, का ते माहीत नाय.


१७ फेब्रुवारी

हे पाइप कापून घेऊन आले, दांडी बसवली. स्वतः लोंबकळून बघितलं. म्हटलं, तुमच्या वजनाला टिकली म्हणजे हत्तीला टिकेल. मग ओटीपुढचा विटांचा चढ नीट केला, पाय अडकत होता सगळ्यांचा. न सांगता केला. मी आपली चहा देऊन मोकळी झाले. चांगलं झालं असं म्हणायचं राहिलं. इथं लिहिते — चांगलं झालं.


१९ फेब्रुवारी

राघो, तुला कोण सांभाळतं?

रेश्मा!

टाळ्या. मी डोळे पुसले, कांदा चिरत होते म्हणून.


२० फेब्रुवारी

राघो, तुला कोण सांभाळतं?

तू.

धोंडूबाई उसळली. मी? तुला? मेल्या, माझा नवरा मला सांभाळता नाय आला, तुला कुठं सांभाळू! पण दिवसभर खूष होती. दुपारी बाबांना आपल्यातला अर्धा पापड दिला.


२४ फेब्रुवारी

धोंडूबाईनं कानात सांगितलं, त्याला रेश्मा माझी पोरगी असं म्हणायला शिकवूया गो. मॅडम काय गावात विचारत फिरणार आहे? म्हटलं, एकदा खोटं लिहून बघितलं, पुरे झालं. म्हणाली, तू कधीपासून हरिश्चंद्र झालीस? म्हटलं, २३ जानेवारीपासून.

आता शिकवणं बंद. बाबा कावलेत. आज विचारलं तर उठून चालायला लागले.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून सांगते.

बाबांचा दिवस वाईट उगवला. रेश्मानं सुट्टी टाकली होती, तिनं आणून बसवलं तर तिलाच म्हणाले, बाय, तू कुठल्या गावची? तिचं तोंड बघवेना. म्हटलं, जा, चहाचं बघ. काय म्हणून ह्या भानगडीत पडले? पण पडले नसते तर काय, ती कडी.

मॅडम अकराला आली. एकटीच, रिक्षानं. संडास बघितला, दांडी ओढून बघितली, औषधांची पेटी उघडून एकेक पट्टी बघितली. एक गोळी मुदत संपलेली सापडली. धाऊ म्हाताऱ्याची, घरनं दिलेली. मला बाजूला घेऊन सांगितलं, काकी हे दर सोमवारी बघायचं. रागावली नाय. रागावली असती तर परवडलं असतं.

मग बाबांकडे. बाबांच्या पुढ्यात सूप, तांदळातले खडे काढायला देतो आमी, हात चालू राहतो. मॅडम खुर्ची सोडून खाली बसली. सुपात हात घातला आणि खडे काढायला लागली.

बाबांनी बघितलं आणि म्हणाले, तो खडा नाय, कणी आहे. टाकू नको.

मॅडमनं कणी परत सुपात टाकली. म्हणाली, बाबा, सकाळी काय खाल्लं?

भाकर. दूध.

कोणी दिलं?

रेश्मानं.

मी खांब धरला. सकाळी ओळखलं नव्हतं तिला! नाव होतं तर आत!

मॅडम म्हणाली, रेश्मा कोण तुमची?

कोण म्हणजे? रेश्मा.

नात्याने कोण लागते, बाबा?

बाबांनी सूप खाली ठेवलं. चिडले. तुला रेश्मा ठाऊक नाय? कुठली गो तू? हिला रेश्मा ठाऊक नाय!

धोंडूबाई फिसकन हसली, मग सगळीच. मॅडमपण. हसत हसतच कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं. मी चष्मा लावून वाकून बघितलं, मनाई केली नाय तिनं. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं — काळजी घेणारी व्यक्ती. लाभार्थी स्वतः नावाने ओळखतात. खाली बाबांचा अंगठा घेतला, रेश्माची सही घेतली.

रेश्मा सही करून आत गेली. धुतलेले कप परत धूत होती. मला बोलता येत नाय अशा वेळेला. शेजारी उभी राहून कप पुसले.

ठाण्यात ती बाई टेबलापाशी बसून नकार लिहिती तर कोण विचारणार होतं तिला? एवढ्या लांब आली, जमिनीवर बसली. देव तिचं भलं करो. हे तोंडावर म्हणायचं होतं. तोंडावर म्हटलं, रिक्षा मिळंल ना?


४ मार्च

पाहणीत सून लिहिलं नाय हे सगळ्यांनी बघितलं, त्यामुळं घटस्फोटाचं आता गावभर. नळावर एक जण मला ऐकवत होती — मग ती त्या घरात राहते तरी कोण म्हणून?

मी हंडा खाली ठेवायच्या आत धोंडूबाई मागून ओरडली, रेश्मा म्हणून!

काठी टेकत पाणी भरायला कशाला येते ही म्हातारी? बरं झालं आली.

संध्याकाळी रेश्मा आली ती गळ्यातलं काढून. मान कशी मोकळी दिसत होती. म्हणाली, आता लपवायचं काय राहिलंय काकी. तिला चहा दिला, साखर जास्त घातली.


१३ मार्च, होळी

पुरणपोळ्या केल्या. नऊपैकी सहा जणांना साखर आहे. अर्धी अर्धी दिली. पोळी अर्धी आणि शिव्या पोटभर.

कागद अजून नाय. वैष्णवीला रोज फोन करते. आज उचललाच नाय. सणाचं आहे, मला कळत नाय काय? पण उचलायला काय झालं!


१९ मार्च, बुधवार

आला!!

वैष्णवी स्वतः स्कूटीवर घेऊन आली. फोनवर सांगून मोकळी झाली असती, पण म्हणाली, काकी, तुमचं तोंड बघायचं होतं. रंगीत छापून, प्लास्टिकमध्ये घालून आणलाय. छपाईचं काय घेतलं नाय. जानेवारीत तिच्यावर फोन आपटला होता मी.

दिवसाची ओटी, सापगाव. नोंदणी झाली. हे नाव मी दिलं तेव्हा वैष्णवी म्हणाली होती, असं नाव कोण ठेवत नाय, देवाचं ठेवा. म्हटलं, देव काय खडे काढायला येणार आहे?

नऊ जणांची यादी जोडलेली आहे. चौथं नाव राघो. बोट ठेवून बाबांना दाखवलं. म्हटलं, बाबा, हे तुमचं नाव. म्हणाले, मला वाचता येत नाय तर लिहिलं कशाला? म्हटलं, मला येतं.

ग्रामसेवक भाऊ येऊन बघून गेले. खिळा त्यांनीच ठोकला भिंतीला.

मला आभार मानायला जमत नाय. आईनं शिकवलंच नाय. आमच्यात दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायचं, तो आपल्या शेतात येतो, संपलं. तोंडानं कोण काय म्हणतं? आता ह्या सगळ्यांच्या शेतात मी कधी जायचं? मॅडमला तर शेतच नाय.


२१ मार्च

मॅडमसाठी पाच किलो तांदूळ पाठवला होता, घरचा, एक खडा नाय त्याच्यात. बाबांनी दोनदा बघितलेला. परत आला. फोन केला तिनं. म्हणाली, काकी, नोकरी घालवाल माझी. पण मी वास घेतला पिशवीला नाक लावून.

एवढं पुरे झालं मला.


२९ मार्च, शनिवार

यादीतलं चौथं नाव काढायचं आहे. मॅडमला फोन केला, कसं काढतात? तिनं विचारलं, कधी गेले बाबा? म्हटलं, नाय गो, बरे आहेत ते. म्हणाली, मग कारण लिहून पाठवा.

कारण काय लिहू? रेश्माचं लग्न ठरलं. मुरबाडचा आहे, बायको वारलेली, भाताची गिरणी चालवतो. बघायला आला, तर पोहे पुढं करायच्या आधीच हिनं सांगून टाकलं — आमी दोघं आहोत, मी आणि बाबा.

त्यानं विचारलं म्हणे, बाबांना आंघोळीला गरम पाणी लागतं काय?